जोडीने व्यायाम, पण रांगा वेगळ्या

रानजाई

'नवरा-बायकोने जोडीने व्यायाम करावा, एकमेकांना प्रोत्साहन मिळतं' हे इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एकदा लिहायचंच होतं. माझं मत बरोबर उलटं आहे. नवरा-बायकोने एकमेकांना प्रोत्साहन अजिबात देऊ नये. ते काम तिसऱ्या माणसाकडे सोपवावं. आमचं जमलं ते त्यामुळेच.

पार्श्वभूमी थोडक्यात. आम्ही साताऱ्यात राहतो. नवरा सत्तेचाळीसचा, मी चव्वेचाळीसची. त्याची खुर्चीतली नोकरी, माझं दुकान, म्हणजे माझंही गल्ल्यावर बसणंच. घरात सासूबाई आणि दहावीतला मुलगा. गेल्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसने केलेल्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून घरात आलेला नाही, दारात चप्पल काढतोय. मला साखर नाही, पण जिना चढला की धाप, आणि ब्लाउज दर दिवाळीला उसवायचे.

फिरायला आम्ही आधीही जायचो, दोघंच. मी 'जरा भरभर चाल' म्हटलं की ती किरकिर. तो 'आज कंटाळा केलास वाटतं' म्हणाला की तो टोमणा. पोवई नाक्यापर्यंत अबोला आणि येताना समेट म्हणून वडापाव.

मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या सकाळच्या ग्रुपला नेलं. शाळेचं मैदान, पावणेसहाला शिट्टी, पाऊण तास. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला नियम असा की नवरा-बायकोने शेजारी उभं राहायचं नाही आणि एकमेकांना काही सांगायचं नाही. सांगायचं असेल ते सर सांगतील. आधी सांधे मोकळे करायचे, मग सूर्यनमस्कार, मग मैदानाचे चार कोपरे. एकात बैठका, दुसऱ्यात जोर (ज्यांना जमत नाहीत त्यांनी भिंतीला हात टेकून), तिसऱ्यात दोरीवरच्या उड्या नाहीतर जागच्या जागी धावणं, चौथ्यात प्लँक. शिट्टी वाजली की कोपरा बदलायचा. जोडप्यांना समोरासमोरचे कोपरे. दिसतो एकमेकांना, पण बोलणं पोचत नाही!

माझ्या रांगेत पासष्टीच्या एक आजी आहेत. बैठका सुरू व्हायच्या आधी त्या हातातल्या बांगड्या वर सरकवतात, त्यावर केसांचं रबर चढवतात, पदर खोचतात आणि मग खाली बसतात त्या थेट उकिडव्या. माझ्या मांड्या अर्ध्यातच थरथरायला लागतात. आजी बघतात, पण बोलत नाहीत. तेवढं पुरतं.

नवऱ्याला 'गुडघे पुढे जातायत, कंबर मागे घे' हे मी सांगितलं असतं तर दोन दिवस घरात धुसफूस झाली असती. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं तर 'येस सर'.

खाण्याचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, दुकान उघडायची वेळ झाली. तोवर तुमचे अनुभव लिहा.

खमंग_काकडी

भारी लिहिलंय. 'दारात चप्पल काढतोय' वाचून हसले आणि मग माझाच रिपोर्ट आठवला. खाण्याचं लवकर लिही.

तिरका_डोळा

ग्रुपचा मला आलेला अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे असाच ग्रुप सुरू झाला. पहिला आठवडा फुकट व्यायाम, दुसऱ्या आठवड्यात वजनकाटा आला, तिसऱ्यात 'तुमच्या शरीराचं वय ६२ आहे' असं सांगणारं यंत्र आलं आणि चौथ्यात डबे. सकाळी नाश्त्याऐवजी शेक, रात्री जेवणाऐवजी शेक. आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याने पगाराचा मोठा भाग त्या डब्यांत घातला. तेव्हा ग्रुप म्हटलं की मी आधी विचारतो, इथे विकतायत काय?

रानजाई

@तिरका_डोळा, अगदी योग्य प्रश्न. आमच्याकडे दर महिन्याची फी आहे, ती सर घेतात, बाकी विक्री शून्य. डबा दिसला की ग्रुप सोडायचा, हे मीही सांगेन.

आता खाणं. इथे गडबड अशी होते की व्यायाम दोघांचा आणि 'हेल्दी' स्वयंपाक एकटीचा. एकाला भाकरी, एकाला पोळी, मुलाला पराठा, सासूबाईंना मऊ भात. चार चुली पेटवायच्या असतील तर कुठलंही डाएट पंधरवड्यात मरतं. म्हणून आम्ही ठरवलं की वेगळं काही शिजणार नाही. ताट तेच, वाट्यांचे आकार बदलायचे. आधी भात डोंगराएवढा आणि उसळ चमचाभर. आता उसळीची वाटी मोठी, भाताची मूद लहान. उसळ म्हणजे रोज मटकीच नव्हे. हुलगे, चवळी, हरभरे, आणि आमच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा. घेवड्याला तर भौगोलिक मानांकनही आहे, आणि आम्ही शेजारी राहून पाहुणे आल्यावरच करायचो.

दुसरी गोष्ट तेल. फोडणी मोजून घालायला गेलं की दोन दिवसांत कंटाळा येतो. मी पाकिटं मोजते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम 'दिसणारं', म्हणजे वरून घातलेलं, तेल-तूप म्हणतात. चौघांचा हिशेब केला तर महिन्याला साधारण अडीच ते चार लिटर. किराण्याच्या यादीवर आमचं तेल सहा लिटर होतं, शिवाय तूप वेगळं. यादीत आता चार लिहिते. संपलं की संपलं, मग महिनाअखेरीला भज्या मागणारा आपोआप गप्प बसतो.

घाटमाथा

ज्वारीची भाकरी सुरू केली का? आमच्याकडे पोळी बंद करून भाकरी केली तरी वजन ढिम्म हललं नाही.

खडीसाखर_डॉक्टर

@घाटमाथा, हलणार नाहीच. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच. भाकरीत तंतू बरे, तेल लागत नाही, चावावी लागते म्हणून पोट लवकर भरतं, हे फायदे खरे. पण दोन पोळ्यांच्या जागी तीन जाड भाकऱ्या आणि वर लोण्याचा गोळा असेल तर हिशेब तिथेच राहतो. गुळाचंही तेच. साखरेऐवजी गूळ घातलेला चहा म्हणजे गोड चहाच.

पेशाने डॉक्टर आहे म्हणून थोडं अजून लिहितो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १०.१ कोटी आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी असा अंदाज आला. म्हणजे रानजाई यांचे यजमान एकटे नाहीत. आणि उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, हे दवाखान्यात मी बऱ्याचदा पाहतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच शिफारशीतलं दुसरं वाक्य गाळलं जातं, ते म्हणजे आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. नुसतं चालून हे होत नाही. जोर-बैठकांचे कोपरे आहेत हे वाचून बरं वाटलं, विशेषतः चाळिशीपुढच्या बायकांसाठी. पाळी जाण्याच्या सुमारास हाडांची घनता वेगाने उतरते, तिथे हे कामी येतं.

एक सूचना मात्र काळजीपूर्वक वाचा. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी सकाळी उपाशीपोटी असा दमवणारा व्यायाम डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये. साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती 'व्यायामाची सवय नाही' म्हणून सोडून देऊ नका. खिशात ग्लुकोज ठेवा. आणि छातीत दडपण आलं तर शिट्टीची वाट बघू नका.

सातवी_पायरी

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनच वेळा जेवण यात बसतं का? की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांसारखं थोडं थोडं, दर दोन तासांनी?

तिरका_डोळा

अरे देवा. आला विषय.

खमंग_काकडी

दीक्षित विरुद्ध दिवेकर यावर वेगळे धागे ओसंडून वाहतायत, तिकडे जाऊन भांडा. इथे घेवड्याचं चाललंय ते चालू द्या.

रानजाई

@सातवी_पायरी, आम्ही दोन्हींतलं काही नावाने करत नाही. दुकानामुळे माझं जेवण दोनला, त्याचं डब्याचं साडेबाराला, रात्रीचं आठच्या आत. मधलं फरसाण गेलं. एवढंच.

आता एक तक्रार, डॉक्टरांसाठी. व्यायाम तोच, जेवण तेच, उलट गोड मी कमी खाते. नवऱ्याची पँट दोन महिन्यांत ढिली झाली, पट्ट्याला नवी भोकं पाडली. माझा काटा जागचा हलेना. त्यात सासूबाई रोज म्हणणार, 'पोर किती वाळलंय बघ, तू मात्र आहेस तशीच.' त्या काळात मी ग्रुप सोडायच्या बेतात होते.

खडीसाखर_डॉक्टर

हे इतकं ठरलेलं आहे की दवाखान्यात जोडपं आलं की मी आधीच सांगून ठेवतो. पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त, त्यामुळे बसल्या जागी जळणारे उष्मांकही जास्त. शिवाय त्यांची चरबी पोटात आतल्या बाजूला साठलेली असते आणि ती व्यायामाला लवकर दाद देते. बायकांची मांड्या-नितंबांवरची चरबी हट्टी. पाळीच्या चक्रात अंगात पाणी साठून काटा वर-खाली होतो तो वेगळाच. थायरॉइड एकदा तपासून घ्या आणि वजनाच्या जागी कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून.

दुसरं, प्रथिनं पोटात पुरेशी जातात का ते बघा. भारतीय शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. ६५ किलोच्या बाईला दिवसाला ५४ ग्रॅमच्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात, आणि घरातली बाई शेवटी जेवते तेव्हा त्यातली डाळही तळाला गेलेली असते.

रानजाई

टेपने मोजली. कंबर उतरली होती, काटा सांगत नव्हता एवढंच. थायरॉइडही तपासला, ठीक आहे.

वरणाचं तर अगदी खरं. मी उसळ आधी माझ्या वाटीत काढून ठेवायला लागले. सासूबाईंना पहिल्यांदा विचित्र वाटलं.

लाल_भोपळा

मी बऱ्याच वेळापासून वाचतेय, एक टोचलं म्हणून लिहिते. 'ताट तेच' ठीक. पण कडधान्य निवडायचं, रात्री आठवणीने भिजवायचं, मोड आणायचे, सकाळी धिरड्याचं पीठ वाटायचं, हे कोण करतं? पावणेसहाला मैदानावर पोचायचं म्हणजे पाचला उठायचं, आणि पोरांचा डबा आहेच. आमच्याकडे नवरा ग्रुपला जातो, येतो, घाम पुसत वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि 'आज प्रोटीन काय आहे' विचारतो. त्याला त्याच वर्तमानपत्राने वारा घालावासा वाटतो.

खमंग_काकडी

+१००

वाघ्या_घेवडा

मी वर ज्याच्या पँटचा उल्लेख झाला तो नवरा. हा आयडी आज काढला.

@लाल_भोपळा, तुमचा मुद्दा आमच्या घरातही निघाला होता, फार मोठ्या आवाजात. त्यातून वाटणी झाली ती अशी. कडधान्य भिजवणं माझ्याकडे. रात्रीच्या बातम्या लागल्या की मी डबे उघडतो. काय भिजवायचं ते मी ठरवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी 'आज काय' हा प्रश्न विचारायची सोयच उरली नाही. सकाळी मैदानावरून आलो की नाश्ता माझा. मुगाची धिरडी, नाहीतर अंड्याची भुर्जी आणि आदल्या दिवशीची भाकरी. ती आंघोळ करून दुकानाची तयारी करते. मुलाचा डबा माझी आई भरते, तिला ते हक्काचं काम वाटतं.

धिरड्याबद्दल एक. मूग रात्री भिजवून सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटायचे, पीठ आंबवायचं नाही. तवा चांगला तापला की पाण्याचा हबका मारून पुसायचा आणि मग पीठ पसरायचं, म्हणजे तेल थेंबभर लागतं. पहिलं धिरडं तुटतंच, ते करणाऱ्याने खायचं.

व्यायामाबद्दल माझं मत बायकोपेक्षा थोडं वेगळं आहे. मला ग्रुपमधली शिस्त वगैरे आवडली नाही. मी जातो कारण तिथे बाकीचे पुरुषही बैठका काढताना विव्हळतात. ऑफिसात कुणी कबूल करत नाही की पायरी चढताना गुडघा दुखतो.

रानजाई

आयडीचं नाव बघा! घरी घेवडा केला की 'परत?' म्हणतो हा.

सूर्यफूल_८१

नमस्कार. माझं वय ८१. तुमच्या ग्रुपमध्ये सूर्यनमस्कार आहेत हे वाचून आनंद झाला, कारण आपण सातारा जिल्ह्यातल्या आहात. याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. स्वतः ते नियमाने घालत आणि संस्थानातल्या शाळांतून मुलांकडून घालून घेत. माझे वडील त्यांच्या शाळेत शिकले. औंधच्या पद्धतीत दहा स्थिती, हल्ली सर्वत्र बारा सांगतात. वडील आणि आई दोघेही पहाटे घालत, पण वडील माजघरात आणि आई देवघराशी. एकत्र घालण्याची तेव्हा रीतच नव्हती. आपल्या सरांचा नियम वाचून ते आठवले.

घाई करू नये, श्वास मोजावा, एवढेच सांगणे.

पावसाळी_ढग (लीड्स)

इथे ब्रिटनमध्ये 'पार्करन' म्हणून प्रकार आहे. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात १३ जण धावले, त्यातून सुरू झालं. दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, फुकट. एकदा नाव नोंदवायचं, बारकोड दाखवायचा, वेळ ईमेलने येते. चाललं तरी चालतं. सगळ्यात मागे एक स्वयंसेवक चालतो, त्यामुळे शेवटचा नंबर आपला कधीच येत नाही. मी आणि बायको दोघं जातो, ती माझ्यापेक्षा बरीच पुढे असते. तुमच्या सरांचा नियम आमच्याकडे असा आपोआप पाळला जातो.

इथली अडचण हिवाळा. चारला अंधार, बाहेर चिखल, आणि आपल्या मंडळींची दर शनिवारी संध्याकाळी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. पार्करनमध्ये जाळलेलं सगळं छोले-भटुऱ्यात परत.

घाटमाथा

पॉटलक सोडा, आमच्याकडे श्रावण आहे. एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याच्या खिचडीचं काय करता?

वाघ्या_घेवडा

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप. आई उपास सोडणार नाही आणि आम्ही सोडायला सांगणारही नाही. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, यावर तडजोड झाली. खिचडी आषाढी आणि महाशिवरात्रीला होते, आणि त्या दिवशी मोजत नाही.

सातवी_पायरी

रविवारी काय करता? सुट्टी?

रानजाई

रविवारी ग्रुप अजिंक्यताऱ्यावर जातो. ज्यांना जमतं ते सप्टेंबरातल्या हिल मॅरेथॉनची तयारी म्हणून यवतेश्वरच्या घाटात धावतात. आमची मजल किल्ल्यापर्यंतच. पावसात वरची वाट शेवाळाने निसरडी होते, तेव्हा सर नेत नाहीत. पावसाळ्यात मैदानही चिखल, मग एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळतो. लग्नाची तिथी असली की हॉल नाही, त्या दिवशी घरी दोरी.

परवा नवऱ्याचा एचबीए१सी पुन्हा काढला. ५.८. डॉक्टर म्हणाले उंबरठ्यावरच आहात, पण तोंड बाहेरच्या बाजूला. हा आकडा मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी काढायला धावू नका. माझा मुख्य फायदा असा की दुकानात वरच्या फळीवरचा माल काढायला पोराला हाक मारावी लागत नाही.

कृष्णाकाठ

कराडहून लिहितोय. इथे असा ग्रुप सुरू करायचा आहे. कशापासून सुरुवात करू?

वाघ्या_घेवडा

आधी जागा. शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तोंडी परवानगी परीक्षा आली की विसरली जाते. पावसाची दुसरी जागा आत्ताच बघून ठेवा. शिकवणारा माणूस खेळाचा किंवा शारीरिक शिक्षणाचा रीतसर शिकलेला हवा, नुसते व्हिडिओ बघून शिकवणारा नको, विशेषतः ज्यांचे गुडघे-कंबर आधीच तक्रार करतायत त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून बीपी, साखर, जुनी दुखणी, चालू औषधं लिहून घ्या. आणि दोन माणसं अशी पकडा जी पाऊस असो, थंडी असो, येणारच. बाकीचे येतात-जातात.

खडीसाखर_डॉक्टर

औषधांची यादी घ्या हे फार महत्त्वाचं. सहमत.

लाल_भोपळा

आणि बायकांना नेणार असाल तर वेळ त्यांना विचारून ठरवा. पावणेसहा सगळ्यांना जमत नाही. संध्याकाळी सातची बॅच ठेवली तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका येतील.

कृष्णाकाठ

सातचं बायकोला विचारतो. सकाळी प्रीतिसंगमावर चालायला येणारे बरेच ओळखीचे आहेत, त्यातले दोन नेमाचे उद्याच पकडतो. एक फौजी काकाही आहेत तिथे, शिट्टी त्यांच्याकडे आधीपासूनच आहे.